पेपरवाला ब्रूनो

कुत्रं घ्यायला गेलं की आमच्याकडे आधी पंजा बघतात. पंजा जाड, म्हणजे कुत्रं दांडगं होणार. मग नखं मोजतात. वीस भरली तर घेणाऱ्याची कॉलर ताठ. जुनी माणसं तर पिल्लाला कानाला धरून उचलतात. केकाटलं तर भित्रं, मुकाट लोंबकळलं तर राखणीचं. अलीकडे या तपासणीत दोन प्रश्न वाढले आहेत. "डबल कोट आहे का?" हा एक, आणि "पेपर आहेत का?" हा दुसरा.

आमचा ब्रूनो या सगळ्यातून पास होऊन आला होता. जर्मन शेफर्ड, काळा-तांबूस, पंजा जाड, कोट डबल. आणि पेपर. केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला, त्यावर आई-बाप, आजे, पणजे अशा तीन पिढ्या इंग्रजीत छापलेल्या. आमच्या आप्पांना त्यांच्या पणजोबांचं नाव विचारलं तर ते सातबाराच्या जुन्या फेरफारापर्यंत जाऊन परत येतात. ब्रूनोच्या पणजोबाचं नाव मात्र किताबासकट लिहिलेलं. भाऊजींनी तो दाखला लॅमिनेट करून आणला होता. शेतातल्या खोलीत तो लावायचा की घरात, यावर एक संध्याकाळ गेली.

पिल्लू आलं आखाजीच्या सुमाराला. अमळनेरचं वैशाखातलं ऊन ज्यांनी पाहिलं नाही त्यांना एवढंच सांगते, की जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५च्या वर गेला तरी बातमी आतल्या पानावर येते. अशा हवेत थंड मुलखासाठी घडलेली दुहेरी फर अंगावर घेऊन ते बाळ कूलरपुढच्या ओल्या गोणपाटावर पोट टेकवून पडायचं. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, काय कोट आहे! कोणी म्हणायचं, भादरून टाका. (भादरू नका. आतली बारीक लव आणि वरचे राठ केस मिळूनच त्याला उन्हापासून आडोसा करतात, आणि सरसकट भादरलेला डबल कोट कधी कधी नीट परत येतच नाही.)

मृग बरसला, कपाशी लागली, आणि त्या गडबडीत कधीतरी ब्रूनोच्या उजव्या डोळ्याखालचे केस विरळ झाले. रुपयाएवढी जागा. लाल नाही, ओली नाही, आणि खाजही नाही, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर आली नाही. मग ओठाच्या कोपऱ्यात तसंच. मग पुढच्या पायावर. केस सरकवून बघितलं तर कातडी राखाडी, किंचित खवलेदार, आणि केसांच्या मुळाशी काळे ठिपके. श्रावण लागेपर्यंत दोन्ही डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखी कडी झाली होती. मानेवर फोड आले, ते फुटले, आणि मग तो वास आला. लूत लागलेल्या कुत्र्याचा वास खेड्यात वाढलेल्या कोणालाही सांगावा लागत नाही.

आणि नेमकी तेव्हाच आमच्याकडे कानबाई होती.

खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते. घर सारवून-रंगवून लखलखीत करतात. सगळी भाऊबंदकी एका छपराखाली येते. रोटांचं दळण सव्वाच्या मापात घेतात, आणि ते रोट भाऊबंदांबाहेर कोणाच्या पानात पडत नाहीत. रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन. पुण्या-सुरतेला गेलेली माणसंसुद्धा या एका रविवारी गावी येतात. अशा दिवशी घरात डोळ्यांभोवती टकलं पडलेलं, मानेला पू आलेलं पिल्लू. त्याला मागच्या अंगणात बांधलं, तर पोरं "ब्रूनो कुठे, ब्रूनो कुठे" करत तिथंच गोळा झाली, आणि पोरांमागोमाग मोठी माणसं.

"माय व! याना डोयाले काय व्हयनं?" धुळ्याच्या आत्यांनी पदर नाकाला लावला.

"लम्पी त नही ना भो?" हा प्रश्न एका चुलत सासऱ्यांचा. हसायचं नाही. २०२२च्या साथीत महाराष्ट्रात लम्पीची पहिली नोंद ऑगस्टमध्ये झाली ती आमच्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला. त्या साली खान्देशातल्या गोठ्यागोठ्यांत माणसं रात्री बॅटरी घेऊन बैलांच्या अंगावरून हात फिरवत बसली होती. तेव्हापासून जनावराच्या कातडीवर काहीही दिसलं की पहिला विचार तोच येतो. लम्पी गुरांचा विषाणू, कुत्र्याला त्याचं काही नाही. पण भीती धरून राहिली आहे.

मग निदानं सुरू झाली. कुत्र्याला गोड दिलं असणार, गोड खाल्लं की लूत लागतेच. तूप दिलं असणार, कुत्र्याला तूप पचत नाही हे काय आज कळतंय? कुत्र्याला एसीतलं कुत्रं केलंत म्हणून. पण सगळ्यांचं एकमत झालं ते भुऱ्यावर. भुऱ्या म्हणजे आमच्या गल्लीतला गावठी कुत्रा. जिजी, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याला रोज संध्याकाळी अर्धी भाकरी टाकतात. तोही फाटकाशी येऊन ब्रूनोशी नाकाला नाक लावायचा. "त्या भुऱ्यानीच लाई दिनी," असा निकाल झाला. त्या संध्याकाळी भुऱ्याची भाकरी बंद. वर पोरांनी दगड मारून त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत पिटाळला.

उपायांचं तर विचारूच नका. गंधक खोबरेल तेलात खलून लावा. करंजाचं तेल. कडुनिंबाचा पाला उकळून आंघोळ. इथपर्यंत ठीक होतं, फार तर घाण वास येईल. मग एकाने कपाशीवर मारायच्या औषधाचं नाव घेतलं, "झाकणभर पाण्यात टाका." आणि शेवटी सगळ्यांचं हुकमी अस्त्र, जळकं ऑइल. "गॅरेजवरून जयेल आईल आना, अंगभर चोपडा, आठ दिनमा केस येतीन." कोणीतरी पोराला मोटरसायकलवर पिटाळलंसुद्धा, आणि पाण्याच्या बाटलीत भरलेलं ते काळं ऑइल कानबाईच्या दिवशी आमच्या ओट्यावर येऊन बसलं.

मी ती बाटली उचलून गॅरेजवाल्याकडे परत पाठवली. त्यावरून जी बोलणी खाल्ली ती असोत. इंजिनातून निघालेल्या ऑइलमध्ये धातूंचा चुरा असतो, जळून उरलेली रसायनं असतात. कुत्रं अंग चाटतं. म्हणजे आपण त्याला ते पाजतोच. मुळात फोड फुटलेली कातडी, तिच्यावर हे चोपडलं की भाजल्यासारखी होते. पण हे सांगून पटत नाही, कारण प्रत्येकाकडे एक गोष्ट असते. आमच्या वाड्यातल्या कुत्र्याला लावलं, बरं झालं. आणि ती गोष्ट खोटी नसते. लुतीची खरी गंमत तिथंच आहे. लहान पिल्लांना दोन-चार ठिकाणी केस जाऊन जी लूत होते, ती दहातल्या साधारण नऊ पिल्लांची काहीही न करता महिन्या-दोन महिन्यांत आपोआप जाते. त्या काळात तुम्ही ऑइल लावा, अंगारा लावा, नाहीतर नुसती रांगोळी काढा. पिल्लू बरं होणार आणि श्रेय रांगोळीला मिळणार. म्हणून दर गल्लीत एक वैद्य आहे आणि प्रत्येकाचा हातगुण चांगला आहे. दहावं पिल्लू कुठे जातं, हे कोणी सांगत नाही. ते पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलेलं असतं.

ब्रूनो दहावा होता.

तालुक्याचा सरकारी दवाखाना गुरांचा. अंगणात लोखंडी खोडा, खोड्यात एक बैल, भिंतीला टेकून बसलेल्या बाया आणि त्यांच्या शेळ्या. कुत्रं घेऊन आलेली मी एकटीच, तेही असं. शेळ्यांनी आणि बायांनी एकदमच जागा सोडली. डॉक्टर परभणीला शिकलेले, पन्नाशीतले. म्हणाले, "मॅडम, मी ढोरांचा माणूस. पण कातडी खरवडून बघायला काय, सूक्ष्मदर्शक आहे माझ्याकडे." गोचिड तापाच्या गायींचं रक्त काचेवर पसरून बघायला त्यांना तो रोज लागतो. आमच्याकडे संकरित गायी वाढल्या तसा तो तापही वाढला.

त्यांनी आधी ब्रूनोच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळली आणि त्याच्या मागच्या पायाकडे बघत राहिले. पाय हलला नाही. "खाजेची लूत असती तर पाय आपोआप खाजवायला लागला असता," म्हणाले. मग विचारलं, घरात कोणाच्या हातांवर, पोटावर पुरळ? कोणाच्याच नाही. मग ब्रूनोच्या तोंडाला नाडी बांधून त्यांनी पुढच्या पायाची कातडी चिमटीत धरली आणि चांगली दाबली. आतलं वर यायला हवं, म्हणून. पात्यावर पॅराफिनचा थेंब घेतला, आणि केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने खरवडत राहिले, रक्ताचे बारीक ठिपके उमटेपर्यंत. वरवर खरवडून हा किडा हाती लागत नाही, तो केसाच्या मुळाशी खोल बसलेला असतो. ब्रूनो कण्हला, पण हलला नाही. ते सगळं काचेवर पसरून, वर पातळ काच ठेवून, डॉक्टरांनी डोळा लावला आणि पाच मिनिटांत मला म्हणाले, "या, बघा."

आधी नुसते केसांचे तुकडे आणि हवेचे बुडबुडे दिसले. मग एका बुडबुड्याच्या कडेला काहीतरी लांबट, काचेसारखं आरपार. पुढच्या अंगाला आखूड पायांच्या चार जोड्या, आणि मागे निमुळतं होत गेलेलं लांब पोट. पाय हलत होते. पुढे सरकत नव्हतं, जागच्या जागी पाय मारत होतं. नजर बसल्यावर दुसरं दिसलं, तिसरं दिसलं, मग दोन्ही टोकांना निमुळती अंडी, आणि सहाच पायांची पिल्लं. लांबी म्हणाल तर पाव मिलिमीटरच्या आसपास. एका पायावरच्या नखभर जागेतून ही एवढी वस्ती.

"डेमोडेक्स," डॉक्टर म्हणाले. "आता नीट ऐका. हे याला कोणी लावलेलं नाही."

लूत दोन जातींची, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. एक सार्कोप्टिस नावाच्या गोल किड्याची. तो कातडीत बिळं करतो, कुत्रं वेडं होईस्तोवर खाजवतं, कानांच्या कडा आणि कोपरं आधी जातात. ही एका कुत्र्याची दुसऱ्याला झपाट्याने लागते, आणि कुत्र्याला कुशीत घेणाऱ्या माणसालाही काही दिवस खाज देते. गल्लीतल्या कुत्र्यांची आपण बघतो ती बहुतेक वेळा हीच. दुसरी डेमोडेक्सची. हा किडा जवळजवळ प्रत्येक धडधाकट कुत्र्याच्या अंगावर थोडाथोडका असतोच. जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लं आईला लुचतात, तेव्हा तिच्या अंगावरून तो त्यांच्या तोंडावर, पंज्यांवर येतो. म्हणूनच लूतही डोळे, ओठ आणि पुढच्या पायांवर आधी दिसते. शरीराचं संरक्षण नीट चालत असेल तर किडा जन्मभर गुपचूप राहतो. ते संरक्षण या एका किड्यापुरतं लंगडं असेल तर तो बेसुमार वाढतो. आणि पिल्लाच्या अंगभर पसरलेल्या लुतीत हे लंगडेपण बहुधा रक्तातून आलेलं असतं, आई-बापाकडून.

घरी येऊन जिजींना सांगितलं. त्या कितीतरी वेळ ब्रूनोकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मायना दूधना संगे उना?" मी म्हटलं, दुधातून नाही जिजी, अंगाला अंग लागून. पण त्यांच्या डोक्यात दूधच राहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या भाकरी घेऊन फाटकाबाहेर गेल्या आणि भुऱ्या कुठे दिसतो का बघत गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेल्या.

मी लॅमिनेट केलेला दाखला खिळ्यावरून काढून प्रथमच नीट वाचला. पणज्यांच्या रकान्यात एक नाव बापाकडून होतं. तेच नाव, त्याच किताबासकट, आईकडूनही होतं.

आमच्याकडे सोयरीक जुळवताना देवक एक निघालं की बोलणी तिथंच थांबतात, मग पोरगी कितीही साजरी असो. कुत्र्यांत उलटं. दोन्हीकडून एकच आजा-पणजा आला की ब्रीडर खूश होऊन "लाईन पक्की" म्हणतो. कान तसेच उभे, पाठ तशीच उतरती, रंग तसाच पक्का यावा म्हणून घरातल्या घरातच लग्नं लावायची. याला ते लाईन ब्रीडिंग म्हणतात. यात ब्रीडरच फक्त दोषी आहेत असंही नाही. सुरुवातच तशी आहे. १८९९ साली माक्स फॉन श्टेफानित्झ या जर्मन घोडदळातल्या माणसाला होरांड नावाचा एक कुत्रा आवडला. नोंदवहीत पहिला क्रमांक त्याचा लागला, आणि त्याला, त्याच्या पोरांना, नातवंडांना आपापसांत लावून ही जात घडवली. सगळ्या जगातले जर्मन शेफर्ड फिरून फिरून त्या एकाच अंगणात पोचतात. मेंढ्या राखायला, पुढे पोलिसांत आणि लष्करात त्याचा उपयोग झाला, हे खरंच. पण दार बंद करून घेतलेल्या घराण्यात जसे गुण पक्के होतात तसे झाकलेले दोषही दोन्हीकडून येऊन एकमेकांना भेटतात. डेमोडेक्स एकट्या शेफर्डचा नाही. पग, बुलडॉग, बॉक्सर, डॉबरमन, शार पे, यादी लांब आहे. पगचंच घ्या. मोबाईलच्या त्या जाहिरातीनंतर आपल्याकडे पगची जी लाट आली, तिला पुरवायला पिल्लं कुठून आणि कशी पैदा झाली असतील, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

भुऱ्याच्या पणज्याचं नाव कोणाला माहीत नाही. त्याच्याही अंगावर डेमोडेक्स असणारच. त्याचं काही बिघडलेलं नाही. गावठी कुत्र्यांना लूत होत नाही असं नाही, उपाशी आणि जंतांनी भरलेल्या कुत्र्याला काहीही होतं. पण ज्याच्या वंशात पाच गल्ल्यांची सरमिसळ आहे आणि कमजोर पिल्लं पहिल्याच पावसाळ्यात गळून गेलेली आहेत, त्याच्याकडून "शुद्ध" कुत्र्याला रोग लागला म्हणणं हा उफराटा न्याय होता. मला त्या कानबाईच्या दिवशीचं सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

उपचाराचं थोडक्यात सांगते, कारण वाचणाऱ्यांत कोणाच्या तरी घरी आत्ता असं पिल्लू असेल. पूर्वी अमिट्राझने अंघोळी घालायचे. आमच्या शेतकऱ्यांना ते गोचिडांचं औषध म्हणून ठाऊक आहे. केस भादरून, मोकळ्या हवेत, मोजून पातळ करून लावायचं. चुकलं तर कुत्रं पेंगतं, हृदयाचे ठोके मंदावतात. मग आयव्हरमेक्टिन आलं, जे कोरोनात आपल्यापैकी कितीतरी जणांनी गिळलं. जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून निघालेलं हे औषध. सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना त्यासाठी २०१५चं नोबेल मिळालं. पण गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कंपाउंडरकडून कुत्र्याला टोचून घ्यायची जी पद्धत आमच्याकडे आहे, ती जिवावर बेतू शकते. कोली जातीच्या पुष्कळ कुत्र्यांत आणि काही जर्मन शेफर्डांतही एक जनुक बिघडलेलं असतं. त्यांच्यात हे औषध थेट मेंदूत शिरतं. कुत्रं झोकांड्या खातं, आंधळं होतं, बेशुद्ध पडतं. डॉक्टरांनी ब्रूनोला ते दिलंच नाही. २०१४च्या आसपास बाजारात आलेल्या नव्या गोळ्या आहेत, फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर वगैरे. खरं तर गोचिड-पिसवांसाठीच्या, पण डेमोडेक्सवर फार चांगल्या चालतात. ज्या कुत्र्याला फिट येतात त्याला मात्र जपून. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८मध्ये तशी सूचना काढली आहे. गोळीची किंमत ऐकून आप्पा म्हणाले, "एवढ्यात सरकीची दोन पाकिटं येतात." म्हणाले, आणि पैसे काढून दिले.

मानेवरच्या पुवासाठी अँटिबायोटिक वेगळं, तेही काही आठवडे. आणि क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू. त्याचा फेस अंगावर दहा मिनिटं ठेवायचा असतो, लगेच धुतला तर पैसे पाण्यात. दहा मिनिटं ओल्या जर्मन शेफर्डला धरून बसणं हे एक काम, आणि नंतर तो फेस उतरायला लागणारं पाणी हे दुसरं. आमच्याकडे नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येणार त्या दिवशी ब्रूनोची आंघोळ, घरच्यांची नंतर. यावर कोणीच तक्रार केली नाही याचं मला अजून नवल वाटतं.

एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहावी अशी. मेडिकलवर गेलात आणि "कुत्र्याला खाज आहे" म्हणालात की एक मलम हातात ठेवतात किंवा एक छोटी पांढरी गोळी देतात. बहुतेकदा त्यात स्टेरॉइड असतं. चार दिवस लाली जाते, बरं वाटतं. पण स्टेरॉइड शरीराचं तेच संरक्षण खाली बसवतं जे आधीच लंगडं आहे, आणि किड्याला रान मोकळं. साधी दोन चट्ट्यांची लूत अंगभर होते ती कित्येकदा अशीच.

केस गणपतीत फुटायला लागले. डोळ्यांभोवती आधी धुरकट लव, मग काळे केस. भाऊजी म्हणाले, झालं बरं, आता कशाला गोळ्या? डॉक्टरांचा नियम वेगळा होता. केसांवर जायचं नाही, काचेवर जायचं. महिन्याच्या अंतराने दोनदा खरवडून दोन्ही वेळा एकही किडा नाही, अंडं नाही, तेव्हा थांबायचं. पुढच्या खरवडीत मेलेले सापडले, त्यापुढच्यात एक जिवंत. दिवाळी ओलांडली, दादर ज्वारी गुडघ्याला आली, तेव्हा कुठे काच दोनदा कोरी निघाली.

मधल्या काळात ब्रीडरला फोन केला होता. तो आधी म्हणाला, तुमच्याकडे जागा ओली असेल. मग म्हणाला, गावठी कुत्र्यांत सोडलं असेल. (भुऱ्या, पुन्हा.) मी विचारलं, त्याच जोडीची पुढची पिल्लं काढणार आहात का? तर म्हणाला, मॅडम, मादी माजावर आली की आम्ही थांबत नाही. कुत्र्यांच्या पैदाशीचे २०१७चे केंद्राचे नियम आहेत. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, दीड वर्षाच्या आतली मादी लावायची नाही, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. हे त्याला मी वाचून दाखवलं. त्याने "हो हो" म्हणून फोन ठेवला आणि पिल्लं घेणाऱ्यांचा जो व्हॉट्सॲप ग्रुप त्याने केला होता त्यातून मला काढून टाकलं. पण त्याआधी मी त्यावर ब्रूनोचे फोटो टाकले होते.

खरा वाद घरात झाला तो नसबंदीवरून. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "याला जोडा शोधू नका. याची लूत बरी होईल, पण पिल्लांना तो हेच देणार." इकडे शिरपूरच्या पाहुण्यांची मादी तयार, त्यांचं बोलणं झालेलं, एक पिल्लू आमचं असं ठरलेलं. भाऊजींचा चेहरा असा झाला की जणू नोटीस त्यांनाच आली. "राखणीचं कुत्रं, त्याला असं करायचं?" राखणीचा आणि त्याचा काय संबंध, हे कोणी सांगेना. जिजी म्हणाल्या, पाप लागेल. आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, गोऱ्हे खच्ची करून आपणच औताला जुंपतो ना, तेव्हा पाप कुठे जातं? त्यावर विषय संपला. शिरपूरच्यांना फोन आप्पांनीच केला. दोन वाक्यांत.

आता ब्रूनो शेतात असतो. रानडुकरं मक्यात शिरली की भुंकतो, साप दिसला की मागे सरकतो. हे दुसरं मला जास्त आवडतं.

परवा नंदुरबारकडून एका गृहस्थांचा फोन आला. आवाज पोक्त, बोली आमचीच. त्यांनी माझा नंबर त्या ग्रुपवरून आधीच उतरवून ठेवला होता. ब्रूनोच्याच बाळंतपणातली पिल्ली त्यांच्याकडे आहे, आता तिच्या डोळ्यांभोवती तसंच झालंय. मी म्हटलं, काका, आधी सांगा, ऑइल लावलंत का? म्हणाले, आणून ठेवलंय. म्हटलं, ते परत करा. कुठे खरवडून बघतील, काय विचारायचं, मेडिकलवरून काय घ्यायचं नाही, सगळं सांगितलं. ते लिहून घेत होते, मध्ये मध्ये "हं, पुढे" म्हणत. शेवटी विचारलं, बरी झाल्यावर मादी लावता येईल ना? पिल्लं विकून खर्च निघेल.

मी म्हटलं, नाही काका. ती बरी होईल, पण पिल्लं काढू नका.

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "मंग या पेपरनं मी काय करू?"

मी म्हटलं, पणज्यांच्या रकान्यात एकच नाव दोनदा आहे का बघा, आणि असेल तर फोटो काढून मला पाठवा. मी बाकीच्यांचेही गोळा करतेय.